पॅरिस आणि मग लंडन

खोर्शेदबाईंच्या मोटारीने कौसल्येला नायगावच्या चाळीसमोर आणून सोडलं, तोपर्यंत बाबुरावांच्या हातातला हार सुकायला आला होता. विमानाला उशीर झाला होता. हार तिच्या गळ्यात पडला, कुणीतरी 'जयभीम' म्हटलं, बाकीच्यांनी ते उचललं, आणि ड्रायव्हरने मागून तिची पत्र्याची पेटी काढून तिच्या पायाशी ठेवली. पेटीवर विमान कंपनीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर फर्स्ट क्लास असं छापलंय हे बाबुरावांच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी, छापलेलं दिसलं की मोठ्याने वाचायची त्यांना सवयच होती.

"फर्स्ट क्लास!" शेजारचा भिवा म्हणाला. "आपल्या चाळीतनं फर्स्ट क्लासनं तुरुंगात पण कोण गेला नाय."

सगळे हसले. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात भिवा नुकताच आत जाऊन आला होता, त्यामुळे त्याला हे बोलण्याचा अधिकार होता. कौसल्याही हसली, म्हणजे तिचे ओठ हलले. आपला चेहरा आपलं काम आपोआप करतो हे तिला गेल्या काही दिवसांत कळून चुकलं होतं.

कौसल्या दत्ताराम तांबे ही परळच्या इस्पितळात तयार झालेली नर्स. दादरच्या पारशी कॉलनीतल्या खोर्शेदबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिने त्यांची शुश्रूषा केली होती. म्हातारी पैसेवाली, विधवा आणि हट्टी. लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याबरोबर बोटीने जाऊन पाहिलेली शहरं डोळे मिटायच्या आधी पुन्हा बघायची, असं तिने मनात घेतलं. डॉक्टर म्हणाले, नर्स बरोबर असेल तर जा. तेवढ्यात सुएझचा कालवा बंद पडला. बाई म्हणाल्या, मग उडत जाऊ. आणि नर्स मागच्या वर्गात बसली तर रात्री मला उलथायचं कुणी, म्हणून दोन्ही तिकिटं फर्स्ट क्लासची.

विमानात खुर्चीचा पलंग व्हायचा. चांदीसारखे चमचे, पडदे, गरम पाण्यात भिजवलेला हातरुमाल. वाढणारी मुलगी पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाली तेव्हा कौसल्येने मागे वळून पाहिलं होतं.

तेव्हा ती बोलायचीसुद्धा. रोमला बाई फार कुरकुरल्या. पूर्वी कसं होतं, कारंज्यांना पाणी कसं होतं, लोक कसे टोप्या काढायचे. व्हिएन्नाला तेच. "कॉफीची वाट लागली," बाई म्हणाल्या. "बधां शहर बिघडी गयां."

"शहरं आहेत तिथंच आहेत, बाई," कौसल्या म्हणाली होती. "बिघडलाय तो तुमचा पाय."

म्हातारी खुर्चीत हलून हलून हसली होती. हे सगळं आता कौसल्येला असं आठवायचं, जसं एखादीला शेजारणीने सांगितलेलं आठवावं.

जिना चढून ती खोलीत आली. आईने, कमळाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या गालांवरून हात फिरवले. कौसल्येने सवयीने कोपऱ्यातल्या फळीकडे पाहिलं. तिथे खंडोबाचा टाक आणि देवीची तसबीर असायची. आता फळीवर कॅलेंडरातून कापलेलं बुद्धाचं चित्र होतं आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. तसबिरीच्या खिळ्याला बाबांचा टॉवेल लटकत होता.

"समुद्रात सोडले," आई म्हणाली. "त्याच दिवशी आमी सगळ्यांनी तिथंच दीक्षा घेतली ना, साहेबांच्या चितेसमोर. तू सोडून."

'तू सोडून' हे तिने अगदी साधं म्हटलं, पानात मीठ वाढायचं राहिलं असं म्हणावं तसं.

मग बायका आल्या. शांता आली, ती तर लाटणं हातात घेऊनच. प्रत्येकीने युरोपचं विचारलं आणि प्रत्येकीने उत्तराआधीच त्या दिवसाचं सांगायला सुरुवात केली.

"तिकडं बर्फ पडतो म्हणे? अगं, त्या दिवशी आमच्या पायात चपला नव्हत्या. कुणाच्याच नव्हत्या. कुठं गेल्या आठवत नाय."

"पॅरिसला मानसं लय असतील. पण पोयबावडीला होती तेवढी नसतील. मी सांगते, नसतील."

"गिरण्या कुणी बंद करा म्हटलं नाय. झाल्याच बंद."

"गॅलऱ्यांतनं बायका पाणी देत होत्या. नावगाव विचारलं नाय कुणी, जात विचारली नाय. हंडेच्या हंडे."

"मी त्या दिवशी रडले ती रडतेच हाय बघ," शांता म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे भरून आले. मग तिने लाटण्यानेच नाक पुसलं आणि सगळ्या हसल्या.

कौसल्या ऐकत होती. रोग्याचं टेंपरेचर बघावं तसं ती मधूनमधून स्वतःला तपासत होती. काही नाही. रडू नाही, घशात गाठ नाही. चाळीतलं प्रत्येक माणूस त्या दिवसातून चालून आलं होतं, आणि ती एकटी त्याच्या पलीकडे विमानाने उतरली होती.

"पण तू तरी लंडनला होतीस," शांता उठता उठता म्हणाली. "साहेब शिकले त्या गावात. दत्तारामभाऊंनी सांगितलं सगळं. तिकडं पण केवढे लोक उभे होते म्हणे!"

कौसल्येने वर पाहिलं. शांता पोळी करपेल म्हणून घाईने निघून गेली.

वडील पहिली पाळी करून आले. रिंग खात्यात सूत निघतं तिथे दत्ताराम काम करायचा, भुवयांवर कापूस घेऊनच घरी यायचा. त्याने लेकीला नीट पाहून घेतलं, पेटीवरच्या कागदावरून बोट फिरवलं, चहा घेतला. कमळाबाई पाण्याला गेल्या तेव्हा हळूच म्हणाला,

"लंडनला होतीस ना गो त्या दिवशी?"

"नाय बाबा. पॅरिसला."

"पॅरिस लंडनला लागून?"

"मध्ये समुद्र हाय."

दत्तारामने कपबशी खाली ठेवली.

"त्याचं काय झालं," तो म्हणाला. "पोयबावडीला आमी सगळे हात धरून चाललो होतो, हरवू नये म्हणून. तुझ्या आयचा हात हिकडं. तिकडचा मोकळा. भिवानं विचारलं, पोरगी कुठाय? माझ्या तोंडातनं निघून गेलं, लंडनला हाय, साहेबांच्या कॉलेजापाशी उभी असेल. सगळं लंडन थांबलं असेल आज, असं पण बोललो. मला वाटलंच होतं तसं. साहेब तिथं शिकले, ते काय थांबणार नायत?"

"मग?"

"मग भिवानं दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता म्हणे तिथं मोर्चा निघाला नि तू पुढं होतीस." त्याने मान खाली घातली. "एवढं मी नाय बोललो."

खाली, जिन्याशेजारच्या काळ्या फळ्यावर बाबुरावांनी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, ते कौसल्येने वर येताना पाहिलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मैदानात कु. कौसल्या तांबे यांचे भाषण : युरोपातील शहरांची तुलना व लंडन येथील शोकसभेचा वृत्तांत. त्यानंतर दीक्षाविधी. सर्वांनी वेळेवर यावे.

"एक वाक्य बोल," दत्ताराम म्हणाला. "लंडन थांबलं होतं. बस. मोर्चाचं नको बोलू. शहर काय साक्षीला येतंय?"

तिने कपबशी उचलून मोरीत ठेवली.

"मी पत्त्यांत खोटं बोललो असेन, पाळी चुकवायला बोललो असेन. पण त्या दिवसाबद्दल मी खोटा पडलो ना कौसे, तर मला या चाळीत तोंड दाखवता येणार नाय. माझं त्या दिवशीचं रडणं पण मग लोकांना खोटं वाटेल."

कमळाबाई हंडा घेऊन आल्या, आणि बोलणं तिथेच राहिलं.

मधल्या दिवसांत कौसल्या खोर्शेदबाईंकडे जाऊन पाय चोळून आली, पेटी आवरली, आणलेली चॉकलेटं वाटली. पॅरिसचा तो दिवस मात्र ती कुणापाशी बोलली नाही.

त्या दिवशी जेवणानंतर बाई गोळी घेऊन झोपल्या होत्या. झोपायच्या आधी म्हणाल्या, जा डीकरी, फिरून ये, माझं थोबाड किती बघशील. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून रस्ते मोकळे होते. कौसल्या नदीकाठाने चालत गेली. कोपऱ्यावर एक माणूस शेगडीवर कसल्यातरी मोठ्या बिया भाजत होता, कागदाच्या पुडीत देत होता. तिने एक पुडी घेतली, एक दाणा सोलून तोंडात टाकला, आणि उभ्या जागी तिला हसू फुटलं. फणसाच्या आठळ्या! तशाच पिठूळ, तशाच गोडसर. अंगात कोट घातलेलं एक कुत्रं तिच्याकडे मान वाकडी करून बघायला लागलं, तेव्हा तर ती आणखीच हसली, भर रस्त्यात, एकटी. तिच्याकडून कुणाला काही नको होतं. हात गरम होते. आयुष्यात आपण इतक्या हलक्या कधी झालो नव्हतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती तारीख तिने नंतर लंडनला मनाशी ताडून पाहिली. तोच दिवस. दादरच्या वाळूत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, तो.

लंडनला हॉटेलात बाईंचा भाचा नरी भेटायला आला. चहा ढवळता ढवळता तो गुजराथीत म्हणाला, "तुमच्या दादरला म्हणे कॉलनीतून गाडी बाहेर काढता येत नव्हती, मावशी. आंबेडकर वारले ना." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. बाईंनी एकदम कौसल्येकडे पाहिलं. कौसल्येच्या हातात साखरेचं भांडं होतं.

"तुम्हाला किती चमचे?" तिने नरीला विचारलं.

"कौसल्या, तू बस," बाई म्हणाल्या.

"नको. तुमच्या गोळीची वेळ झालीय."

गोळी दिली. पाणी दिलं. उशी सरळ केली. दुसऱ्या दिवशी बाईंनीच नरीला विचारून साहेबांच्या कॉलेजचा पत्ता घेतला आणि तिला पाठवलं. बसमध्ये बसेपर्यंत तिला वाटत होतं, तिथं काहीतरी असेल. फोटो असेल, हार असेल, आपल्यासारखं कुणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं असेल. गल्ली अरुंद होती. दार होतं. मुलं-मुली पुस्तकं घेऊन आत-बाहेर करत होती. ती समोरच्या फूटपाथवर उभी राहिली. दारावरच्या माणसाने येऊन अदबीने विचारलं, कोण पाहिजे? ती म्हणाली, कुणी नाही. तो म्हणाला, वारा फार आहे, आत येऊन उभ्या राहा. ती बाहेरच राहिली. पाय बधिर झाले. मग गोळीची वेळ झाली म्हणून ती परत गेली.

रविवारी मैदान भरलं होतं. आदल्या दिवशी तिथे समितीची सभा झाली होती. तेच स्टेज ठेवलं होतं, आणि मागे 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हा कापडी फलक तसाच होता. एका बाजूला भन्तेजी पाटावर शांत बसले होते. कौसल्येला पांढरं लुगडं नेसवलं होतं. पुढच्या रांगेत सतरंजीवर दत्ताराम, स्वच्छ दाढी करून.

बाबुरावांनी प्रास्ताविक लांबवलं. फर्स्ट क्लास हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा आला. मग कौसल्या उभी राहिली.

तिने रोमचं सांगितलं. मोडकी देवळं लोक तिकीट काढून बघतात म्हणाली. "आपण फुकट बाहेर राहायचो," भिवा ओरडला, आणि मैदान हसलं. व्हिएन्नाला स्टेशनवर हंगेरीतून पळून आलेले लोक पाहिले, ते सांगितलं. गाठोडी घेऊन बसलेले, एक म्हातारी घड्याळ छातीशी धरून, भिंतीवरचं मोठं घड्याळ. तिचा आवाज सपाट येत होता, वॉर्डात मोठ्या नर्सला रात्रीचा अहवाल द्यावा तसा.

"आणि लंडन," बाबुरावांनी बाजूने सुचवलं. "लंडनवर या."

दत्तारामने मान वर केली नव्हती. त्याची बोटं सतरंजीचा एक दोरा ओढत होती.

तिने ते वाक्य मनात तयार ठेवलं होतं. तिला ते बोलायचंही होतं. बापासाठी तेवढं करायला तिची काही हरकत नव्हती. पण खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडी धग लागते. लंडन म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ती गल्ली आली, आत-बाहेर करणारी मुलं आली, आणि ती मुलं थांबेनात. तिने त्यांना थांबवून पाहिलं. थांबेनात.

"लंडन थांबलं नव्हतं," ती म्हणाली.

मैदानात कुजबुज झाली.

"मी त्या दिवशी लंडनला नव्हते. नंतर गेले. साहेबांच्या कॉलेजापाशी जाऊन उभी राहिले. तिथं सभा नव्हती. मोर्चा नव्हता. मी होते."

"मंग दत्तू काय सांगत होता?" मागून भिवाचा आवाज आला. त्यात खोडसाळपणा नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. पण सगळी डोकी पुढच्या रांगेकडे वळली. दत्ताराम तसाच बसला होता. फक्त दोरा ओढणारी बोटं थांबली.

"बाबांना मी काही कळवलं नव्हतं," कौसल्या म्हणाली. "त्यांना वाटलं, थांबलं असेल. मलाही बसमधून उतरेपर्यंत तसंच वाटत होतं. तुम्हाला नाही वाटलं?"

भिवा खाली बसला. बसताना त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बाबुरावांना कार्यक्रम कसातरी पुढे न्यायचा होता. ते घसा खाकरून म्हणाले, "विषय तुलनेचा आहे. तर सर्वांत चांगलं शहर कोणतं, एवढं सांगून..."

"पॅरिस," ती म्हणाली.

"हां. तिथं तो उंच मनोरा आहे, त्यामुळे..."

"तिथं मला माहीत नव्हतं."

बाबुरावांचा हात तसाच वर राहिला. पहिल्यांदा कळलं ते बायकांना. शांताने पदर तोंडाला लावला. मग ते रांगांमधून मागे मागे सरकत गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भन्तेजींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग तिला समोर बसायची खूण केली.

ती गुडघ्यांवर बसली. 'बुद्धं सरणं गच्छामि' तिने त्यांच्यामागून म्हटलं. सगळं मैदान तिच्याबरोबर म्हणू लागलं. लोकांना ते पाठ झालं होतं, ती नवीन होती. एका ठिकाणी ती अडखळली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी हलक्या आवाजात तो शब्द पुरवला. आवाज बाबांचा होता की आणखी कुणाचा, ते तिला कळलं नाही. तिने वळून पाहिलं नाही. डोळे कोरडेच होते.

घरी आल्यावर दत्ताराम जेवायला बसला. कमळाबाईंनी दोनदा आमटी वाढली, दोन्हीदा त्याने नको म्हटलं नाही आणि खाल्लीही नाही. हात धुऊन तो गॅलरीत जाऊन बसला. शेजारून भिवा गेला. जाताना तो थबकला, "उद्या पाळीला येतोस ना?" म्हणाला. दत्तारामने मान हलवली. भिवाने विडी काढून त्याच्यापुढे धरली, दत्तारामने ती घेतली. एवढंच झालं, पण आत भांडी घासणाऱ्या कौसल्येने ते पाहिलं.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली.

"दार कसलं होतं?"

ती हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"लाकडाचं. मोठं."

"उघडं?"

"उघडं. पोरं आत-बाहेर करत होती."

"साहेब त्याच दारातनं जात असतील?"

"त्याच असेल."

त्याने विडी पेटवली नव्हती, नुसती बोटांत फिरवत होता. "बाजूला काय होतं?"

"समोर भिंत. वर खिडक्या. एका खिडकीत दिवा होता, दुपारचा."

"दुपारचा दिवा?"

"तिथं थंडीत लवकर अंधार होतो."

तो गल्ली डोळ्यांपुढे आणत होता. तिला ते दिसत होतं. दार, भिंत, दिवा हे एकेक त्याने जागेवर ठेवून घेतलं. मग विचारलं,

"आपल्यातलं कुणीच नव्हतं तिथं?"

"नाय बाबा. कुणी नव्हतं."

"असं कसं," दत्ताराम म्हणाला. "तू होतीस की."

ती जरा वेळ उंबऱ्यातच उभी राहिली. मग सरकून त्याच्याजवळ खाली बसली आणि तो पुढे काय विचारतो याची वाट पाहू लागली.